लांबून आलेल्याला पांढरी

आपल्या गावात पाटाला पाणी सुटलं की ते आधी कुणाच्या रानात शिरतं?

कागदावर काय लिहिलंय ते मी विचारत नाही. कागद मला ठाऊक आहेत, मी कागदांतच वाढले. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा. ज्याचं रान पाटाच्या तोंडाशी आहे त्याचा गहू आधी भिजतो, की जो पार टोकाला आहे त्याचा? आणि टोकाला पोहोचेपर्यंत त्या पाण्यात पाणी किती उरतं?

हे दिवस आले की मला हा प्रश्न पडतो, आणि त्याच्या पाठोपाठ बुद्धिबळ आठवतं. उसाचं गाळप सुरू झालेलं असतं. कारखान्याच्या धुराड्यातली काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बारीक बारीक बसते, आई ती झटकताना रोज तोच एक शब्द पुटपुटते. मळीचा आंबूस गोड वास थंडीबरोबर खाली उतरतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी, यायचं म्हणून लोक रानाकडे जाणाऱ्या चाऱ्या साफ करतात, काढलेलं गवत पाटाच्या कडेला पेटवतात. तो धूर नाकात गेला की माझ्या बोटांना प्यादी आठवतात. लाकडी, हलकी, खालचं कापड निघालेली, थंडीत हातात धरली की गार लागणारी.

हे बाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर म्हणून सांगते, आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडचं. गाव एक, पण पाटाच्या हिशेबानं त्याचे दोन भाग. वरच्या अंगाला हेड, खालच्या अंगाला टेल. हे इंग्रजी शब्द आमच्याकडे सगळ्यांना येतात, ज्यांना बाकी एकही इंग्रजी शब्द येत नाही त्यांनाही. आमची वस्ती टेलला. टेलच्या माणसाची ओळख म्हणजे तो बोलताना मधेच थांबतो आणि पाटाकडे कान लावतो.

माझे वडील, म्हणजे अण्णा, पत्रकं काढायचे. शेती करायचे आणि पत्रकं काढायचे, असं म्हणायला हवं, पण आई उलट क्रमानं सांगायची. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावर श्रीरामपूरच्या एका छापखान्यात ती छापून यायची. घरात गठ्ठे असायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी ‘टेलला पाणी कधी?’ हे वाक्य वाचायला शिकले. आठवड्याच्या बाजारात अण्णा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला उभं राहून वाटायचो. लोक त्यात भजी बांधून घ्यायचे. मला राग यायचा. अण्णा म्हणायचे, “तेल सुटलं तरी अक्षर दिसतं, ठिणगे. खाऊन झाल्यावर वाचतील.”

ठिणगी हे माझं घरातलं नाव.

बुद्धिबळ शिकवलं जोशी सरांनी. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पट मांडायचे. खोलीला एकच खिडकी, तिच्यातून पाट दिसायचा. सर सायकलवरून यायचे, मफलर कानावरून काढायचे, आणि पट मांडून झाले की दरवेळी एकच प्रश्न विचारायचे.

“लांबून कोण आलंय?”

लांबून आलेल्याला पांढरी सोंगटी. हा त्यांच्या खोलीचा नियम होता. पांढऱ्याची चाल पहिली. बाकी सगळीकडे मुठीत प्यादी लपवून ठरवतात, किंवा नाणं उडवतात. सरांना ते मान्य नव्हतं. ते म्हणायचे, जो जास्त चालून आला त्याला नशिबाच्या हवाली कशाला करायचं?

माझ्यासमोर बहुतेक वेळा रेवती बसायची. रेवती वरच्या अंगाची, तिचं घर वाचनालयाच्या जवळ. वर्गात आम्ही एका बाकावर, पटावर समोरासमोर. मी पाटाच्या भरावावरून सायकल हाणत यायचे, ती चप्पल न घालताच पळत यायची. म्हणजे पांढरी कायम माझी.

“सर, म्हंजे मी जलमभर काळीच खेळायची का?” एकदा तिनं विचारलं.

“तू घर लांब बांध,” सर म्हणाले.

सरांना डावाची सुरुवात एकच येत होती. त्याचं कारणही त्यांनी लपवलं नाही. तरुणपणी ते एका मित्राबरोबर पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे. एक कार्ड, एक चाल. कार्ड जायला आठवडा, यायला आठवडा. मित्र दुसरं काही खेळायचाच नाही. “एक सुरुवात समजायला माझं लग्न होऊन गेलं,” सर सांगायचे, “दुसरी समजायला पुढचा जन्म पाहिजे. तुम्हाला घाई असेल तर दुसरे सर बघा.” दुसरे सर नव्हतेच. म्हणून आमच्या गावची सगळी पोरं ती एकच सुरुवात खेळायची, पांढऱ्यानंही आणि काळ्यानंही.

ज्यांना पट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अवघड नाही. बहुतेक लोक मधलं प्यादं पुढे ढकलून सुरुवात करतात, थेट पटाच्या मध्यावर जाऊन उभे राहतात. आमची सुरुवात कडेनं. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. समोरच्याचंही तेच प्यादं दोन घरं. मग घोडा, समोरूनही घोडा. मग राजाच्या बाजूला एक प्यादं जरा उचलून उंट त्या फटीत, कोपऱ्याजवळ. तिथून तो तिरपा सगळ्या पटावर नजर ठेवतो. समोरूनही तसाच उंट. मधली घरं रिकामी. पुस्तकात याला इंग्रजी नाव आहे. सर म्हणायचे आरसा.

मला ही सुरुवात अजिबात आवडायची नाही. मी पत्रकं वाटणारी मुलगी. माझं मत होतं की जे आपलं आहे त्याच्या मध्यावर जाऊन उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. कडेनं काय यायचं? चोर आहोत?

“सर, हे भित्रेपणाचं वाटतं.”

“मधे कोण उभं आहे आता?”

“कोणीच नाही.”

“मग ओरडणार कुणावर?” सरांनी चष्मा पुसला. “आधी नीट बघ. तुझा उंट कोपऱ्यात बसलाय, पण बोलतोय कुठल्या घराशी?”

उंट पटाच्या पार दुसऱ्या टोकाशी बोलत होता. आमच्या वस्तीवरून गावाच्या वेशीशी बोलावं तसा.

आरशाची गंमत अशी की सगळं सारखं दिसतं. मोहरी सारखी, घरं सारखी, दोन्हीकडे राजा तेवढाच सुरक्षित. कोणीही येऊन बघितलं तर म्हणेल, काय सुंदर समानता आहे. फरक एवढाच की एकाची चाल आधी आहे. तो फरक पटावर कुठेही दिसत नाही, आणि सगळा डाव त्यावर असतो. नक्कल करणारा एका चालीनं कायम मागे. कधीतरी पांढरा अशी चाल करतो की तिची नक्कल करायला वेळच उरत नाही. सर म्हणायचे, नक्कल खुशाल करा, पण कुठे सोडायची ते कळलं पाहिजे. नववीत असताना हे ऐकलं की मला पाट दिसायचा. कागदावर आमच्या एकराला आणि सर्जेरावकाकांच्या एकराला पाण्याचा हक्क सारखाच होता. त्यांची चाल आधी होती, एवढंच.

सर्जेरावकाका म्हणजे रेवतीचे वडील. त्या वर्षी अण्णांनी एक पत्रक काढलं होतं, वरच्या अंगाला रात्रीतून चारी फोडून पाणी पळवतात त्याबद्दल. नाव घातलं नव्हतं, पण ‘ज्यांच्या दारात पाट वाहतो आणि ज्यांच्या मिशीला पीळ आहे’ असं लिहिलं होतं. गावात मिशीला पीळ एकाच्याच होता. त्या दिवसापासून अण्णा आणि सर्जेरावकाका बोलेनासे झाले. समोरून आले तर एक जण चारीत उतरायचा, पण नजर द्यायचा नाही.

आम्हा पोरींचं काही बिघडलं नाही. घरी पट नव्हता म्हणून मी उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर घरं आखायचे, कोळशानं काळी करायचे, आणि चार पत्रकं पिठाच्या खळीनं चिकटवली की पट तयार. एकदा रेवती आमच्याकडे आली होती. खेळताना तिनं तो पट उचलून उलटा केला, उभ्या उभ्या वाचला.

“हे आमच्या दादांबद्दल हाय.” वडिलांना ती दादा म्हणायची.

“व्हय,” मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

“फोटू न्हाई टाकला त्यांचा? लई आवडलं असतं त्यांना.” तिनं पट परत सरळ केला. “चल, चाल तुझी.”

मला वाटतं मैत्री म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. अजून नीट सांगता येत नाही.

मग नगरची स्पर्धा आली. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. गाळपाचेच दिवस होते. एसटी राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे सरपटत होती. सर खिडकीशी बसून डोळे मिटून डाव आठवत होते, आणि रेवती खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या ट्रॉलीतला ऊस ओढता येतो का बघत होती.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं. पायाखाली अक्षता, खुर्च्यांवर हळदीचे डाग, हवेत मठ्ठ्याचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास. स्टेजवर थर्माकोलच्या कमानीत नवरानवरीची नावं तशीच होती. पंच लाल मखमलीच्या सिंहासनावर बसले होते, नवरदेवाच्या. जेवणाच्या पंगतीच्या लांब टेबलांवर पट मांडलेले. रेवती माझ्या कानात म्हणाली, “हरलं की इथंच लगीन लावून देत्यात का काय?” आणि आम्ही इतक्या हसलो की सिंहासनावरून खाकरल्याचा आवाज आला.

शेवटची फेरी उरली तेव्हा मुलींच्या गटात आम्ही दोघी सगळ्यांच्या पुढे होतो, बरोबरीनं. अर्ध्या गुणानं मागे संगमनेरची एक मुलगी होती; गुण सारखे झाले तर पंचांच्या हिशेबात ती आमच्या मागे पडत होती. राज्याच्या स्पर्धेला पहिल्या दोघी जाणार होत्या. आणि शेवटच्या फेरीत रेवतीची गाठ माझ्याशी पडली. तिला पांढरी, मला काळी. आयुष्यात पहिल्यांदा.

हिशेब कुणालाही कळेल असा होता. आम्ही बरोबरी केली तर दोघी राज्याला. एक जिंकली तर ती जाणार, आणि दुसरीच्या जागी बहुतेक संगमनेरची मुलगी.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते मला अजून चित्रासारखं आठवतं. मंगल कार्यालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर अण्णा आणि सर्जेरावकाका शेजारी शेजारी बसले होते. दोघे आपापल्या गाडीवरून पोरीचा शेवटचा डाव बघायला आले होते, आणि एकाच बशीतून चहा पिण्याच्या बेताला आले होते. सर्जेरावकाका मिशीवरची साय पुसत काहीतरी बोलले आणि अण्णा हसले. मला इतका आनंद झाला की मी धावत गेले.

“ये, ठिणगे,” अण्णा म्हणाले. “आमी आत्ता हेच बोलत हुतो. बरोबरी करून टाका दोघी.”

मला आधी कळलंच नाही.

“तीन-चार चाली खेळायच्या आन् हात मिळवायचा,” सर्जेरावकाका म्हणाले. “नियमात बसतंय. मी इचारून आलोय. दोघी जाताल.”

“एक गेली तर अर्धं गाव नाराज,” अण्णा म्हणाले. “दोघी गेल्या तर अख्खं गाव मागं उभं राहील. आन् आमी बी आता…” ते थांबले, त्यांनी सर्जेरावकाकांकडे पाहिलं. “बोलायला लागलोय.”

बंद दाराआड ठरलेलं आणि उघड्यावर फक्त नाटक, यावर त्यांनी किती पत्रकं लिहिली होती! त्यातली वाक्यं मला तोंडपाठ होती. ज्यांचा फैसला आहे ते बाहेर उभे आणि फैसला टपरीवर, हे वाक्य त्यांचंच. आणि इथे टपरी होती, चहा होता, आणि फैसला आमचा होता.

“अण्णा, हे तुम्हीच लिहिलंय की करायचं नाही.”

“आगं, ते पाण्याचं हाय. ह्यो खेळ हाय.”

मला भांडता येत होतं, पण ते दोघं हसत होते, आणि ते हसू मोडायची माझी हिंमत झाली नाही. मी आत गेले.

रेवती पटावर बसली होती. तिनं सगळी पांढरी मोहरी घराच्या बरोबर मधे ठेवली होती, जे ती कधीच करत नसे.

“तुला बी सांगितलं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“मग?”

मी घड्याळाकडे हात नेला. काळी खेळणारा घड्याळ सुरू करतो, हा नियम. ती म्हणाली, “दाब घड्याळ.”

मी दाबलं.

उंटापुढचं प्यादं दोन घरं. माझंही. घोडा. घोडा. प्यादं उचलून उंट फटीत, तिचा आणि माझा. तिनं कडेचं प्यादं एक घर सरकवलं, मीही. तिनं हत्ती एक घर आत घेतला, मीही. मग त्या बाजूला प्यादी भिडली, दोन तिची गेली, दोन माझी गेली, आणि धुरळा खाली बसला तेव्हा पट पुन्हा जसाच्या तसा आरसा. आमच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. सरांच्या खोलीत आम्ही कितीदा इथवर आलो होतो, फक्त मी पलीकडून. पहिल्यांदाच मी तिच्या जागेवरून बघत होते आणि मला समजलं की वर्षानुवर्षं ती एका चालीनं मागे राहून माझ्याशी खेळत आली होती. एकदाही कुरकुरली नव्हती. जन्मभर काळीच का, एवढं एकदा सरांना विचारलं होतं.

आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. संगमनेरच्या मुलीची आई आमच्या टेबलामागून गेली आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, “बघा, आरसा धरलाय दोघींनी. ठरवून आल्यात.” ज्याला बुद्धिबळ येतं त्यालाही तसंच वाटलं असतं. चोरी करायची असती तर यापेक्षा उघडी चोरी कोणी केली नसती. आणि आम्ही फक्त जे येतं ते खेळत होतो.

रेवतीनं राजाच्या बाजूचा घोडा काढला. आता मीही घोडा काढायचा. माझा हात घोड्यावर गेला सुद्धा, पण टेकला नाही. स्पर्श केला की ती चाल करावीच लागते. घोड्याच्या वर, हवेत, माझा हात थांबला. अण्णा दाराशी उभे होते. सर मागच्या भिंतीला टेकून मफलरची गाठ सोडत, बांधत होते. मधली घरं रिकामी होती, पहिल्यापासून. मी हात मागे घेतला आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. पटाच्या मध्यावर.

रेवतीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग तिनंही आपल्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे आणलं, माझ्या प्याद्याच्या नाकासमोर. तिचा एक घोडा तेवढा जास्तीचा बाहेर होता, बाकी पट पुन्हा आरसा झाला होता. पण आता नक्कल तिनं केली होती, आणि चाल माझी होती. मी उंट काढला आणि थेट तिच्या हत्तीवर रोखला.

त्यानंतरचं सगळं सांगत नाही. आरसा फुटला तो फुटलाच. हॉल रिकामा होत गेला, स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचे आवाज आले, कुणीतरी थर्माकोलच्या कमानीतून नवरीचं नाव उचकटून नेलं. माझ्याकडे शेवटी राजा, एक उंट आणि एक प्यादं उरलं. तिच्याकडे राजा आणि उंट. माझं प्यादं वजीर व्हायला दोन घरं राहिली होती. मला विजय दिसत होता, पाटाच्या वळणावर पाणी दिसतं तसा, चमकताना. आणि रेवतीनं आपला उंट उचलून माझ्या प्याद्यावर मारला, माझ्या राजाच्या तोंडात दिला. मी तो खाल्ला. एक राजा आणि एक उंट घेऊन कुणालाही मात करता येत नाही. डाव बरोबरीत.

मी हात पुढे केला. तिचा हात बर्फासारखा होता.

“भवाने,” ती म्हणाली, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, “खरंच मारायला निघाली हुतीस व्हय मला?”

“मग काय तर.”

“मला वाटलं, मी एकटीच.”

बाहेर आलो तर सर्जेरावकाका पेढे वाटत होते. अण्णा सगळ्यांना सांगत होते, “आमीच सांगितलं हुतं पोरींना.” मी त्यांना बाजूला घेतलं. सांगितलं की ठरलं नव्हतं, की आम्ही दोघी जिंकायला खेळलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डोळा बारीक केला. “असू दे गं. मला काय सांगतीस.”

त्या एका वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं हरल्यानं लागलं नसतं. कागदावर सत्य छापणाऱ्या माणसाला समोर बसून सांगितलेलं सत्य खरं वाटेना, कारण निकाल त्यांना हव्या त्या उत्तराशी जुळत होता. गावानं आमचा सत्कार केला. तिथेही सगळे गालात हसत होते. फक्त सरांनी, परतीच्या एसटीत, विचारलं होतं, “आरसा मोडला कोणी?”

“मी, सर.”

“काळ्यानं?” ते खिडकीबाहेर बघत राहिले. राहुरीच्या पुढे कुठेतरी म्हणाले, “कार्डावर असती ही चाल, तर मी आठवडाभर झोपलो नसतो.”

राज्याच्या स्पर्धेत आम्ही दोघी सपाटून हरलो, हेही सांगून टाकते. तिथल्या मुलींना खूप सुरुवाती येत होत्या.

सर आता नाहीत. वाचनालयाची मागची खोली आहे, खिडकी आहे, रविवारी पोरं येतात. रेवती त्यांना शिकवते, आणि हो, तीच एक सुरुवात. ती शेती बघते, वडिलांच्या जागी पाणी वापर संस्थेवर निवडून आली आहे. मी पत्रकं लिहिते, आता मोबाईलवर जातात, भजी बांधता येत नाहीत. अण्णा थकलेत. सर्जेरावकाका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मिशीचा पीळ गेला, साय अजून लागते.

गेल्या आठवड्यात रेवती आली होती. दोघं म्हातारे ओट्यावर होतेच. बोलता बोलता तिनं तो जुना पत्रकांचा पट मागितला, माळ्यावरून काढला, आणि आम्ही दोघींनी तो डाव पुन्हा लावला. न बोलता. हात आपोआप जात होते. माझा हात घोड्याच्या वर थांबला त्या जागेवर ती म्हणाली, “दादा, अण्णा, इकडं बघा. हितं हिनं घोडा काढला असता तर आमी तुमचं ऐकलं असं झालं असतं.” मग प्यादं पुढे गेलं. मग उंट. शेवटी जिथं तिनं आपला उंट माझ्या राजाच्या तोंडात दिला तिथं ती थांबली. “हितं मला रडू आलं हुतं,” ती म्हणाली. “हरत हुते मी.”

अण्णांना बुद्धिबळ येत नाही. पण तिचा आवाज त्यांना कळला. ते पटावर वाकले. मग सर्जेरावकाकांकडे वळून म्हणाले, “म्हंजे तो चहा आपण उगाचच प्यालो की राव.”

“फुकट गेला,” सर्जेरावकाका म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माफी वगैरे मागणारा माणूस नाही तो. त्यांनी पट उचलला, उलटा केला, आपलंच जुनं पत्रक डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, आणि मला म्हणाले, “ह्याच्या खाली आता तू लिही.”

तेच लिहिते आहे.

यंदाचं आवर्तन सुटायच्या आधी आपल्या पाणी वापर संस्थेची बैठक आहे. त्यात रेवती मांडणार आहे की या वेळी पाणी टेलकडून सुरू करायचं. आधी शेवटचं रान भिजेल, मग वर वर येत पाट तोंडाशी बंद होईल. मांडणारी वरच्या अंगाची आहे, अनुमोदन देणारी मी टेलची. तुम्ही म्हणाल, दोघींचं आधीच ठरलंय. गाव तेव्हाही म्हणालं होतं. म्हणून या वेळी मोबाईलवर नाही, हा कागद तुमच्या हातात देते आहे. टपरीवर बसून आम्हाला हो म्हणू नका, पटत नसेल तर नाहीही तिथे म्हणू नका. बैठकीला या. पुढच्या रांगेत बसा. वरच्या अंगाच्यांनी आधी बोला, मनात काय आहे ते बोला, भांडा. आणि मतमोजणीची वेळ आली की क्षणभर आमच्या सरांची खोली डोळ्यांसमोर आणा, एक खिडकी, बाहेर पाट, मफलर काढणारा एक माणूस, आणि त्याचा तो प्रश्न. लांबून कोण आलंय?

उत्तर माहीत असेल तर हात वर करा. सगळ्यांना दिसेल असा.